पक्का रंग

वडगावच्या घरात जिथं माग होता
तिथं आता चार फुटी काचेची टाकी आहे.
माग भंगारात गेला, किलोवर.
फरशीत त्याच्या बोल्टांची चार भोकं राहिली;
दोन मी सिमेंटनं बुजवली, दोन टाकीखाली गेली.

वर कौलांत एक काचेचं कौल.
आप्पांनी बसवलेलं, तुटलेला धागा दिसावा म्हणून.
अकरा ते साडेबारा तिथून ऊन सरळ उतरतं
टाकीच्या उजव्या खडकावर, हातभर जागेत.
तेवढ्याच जागेनं मला छळलं.

पहिलं लावलं ते जांभळ्या टोकांचं, नाजूक.
फोटो बघूनच पैसे पाठवले होते.
नवव्या दिवशी ते पांढरं.
मेलेलं नाही, सातेरी म्हणाला, रंग सोडलाय नुसता.
मला समजावू नको, म्हटलं.
रंग सोडणाऱ्या सुताशी मी तीस वर्षं भांडलोय.

आप्पा नव्या सुताची लडी पत्र्यावर पसरायचे,
अर्धी उन्हात, अर्धी गोणपाटाखाली.
आठ दिवस कुणी हात लावायचा नाही.
मग गोणपाट उचलून डोळे बारीक करायचे.
दोन्ही बाजू सारख्या निघाल्या
तरच रंगाऱ्याचे पैसे.

खानापूर रोडला ईरण्णाचं दुकान.
पाटी एकदा मराठीत रंगवलेली, एकदा कन्नडात,
मधे काही दिवस नुसती काळी.
तो हवळ म्हणतो, मी पोवळं;
बोट मात्र दोघांचं एकाच खणाकडं.
"बेळकु जास्त हाय तुमच्यात," तो म्हणाला.
"देखणं नको. काटक न्या."
आणि पुढं केलं म्हशीच्या कानासारखं काहीतरी,
तपकिरी, जाड, चामड्याचं,
बेंगळुरातल्या कुणाच्या टाकीत वाढलेल्यातून कापलेलं,
रात्रीच्या बसनं कागदात गुंडाळून आलेलं.
शेजारी बटणांचा एक झुबका, हिरवा,
शर्टाच्या काजांतून निसटल्यासारखा.
आणि तिसरं एक, जे सावलीत ठेवायचं होतं,
ते मी उन्हासाठीच मागत होतो. त्यानं दिलं नाही.

"मामा, हे मातकट कशाला घेटलास की?"
सातेरीनं तोंड वाकडं केलं.

ईरण्णानं सांगितलं होतं:
आधी तळाला, वाळूवर. मग आठवड्याला वीतभर वर.
उन्हात एकदम नाही. सावकाश.
हा शब्द त्याला मराठीत आणावा लागला नाही,
मला कन्नडात न्यावा लागला नाही.
आणि दोघांत चार बोटं अंतर, म्हणाला.
रात्री काही जण लांब धागे सोडतात,
शेजाऱ्याला भाजतात, जागेवरून.
आम्ही दोघंही जरा गप्प झालो.
मग तोच आधी हसला.

मंगळवारी वीज गेली, चार तास. हेस्कॉमला फोन लागेना.
पंप बंद, पाणी थिजल्यासारखं.
मी स्टीलचा तांब्या घेऊन बसलो,
भरायचा, उचलायचा, वरून सोडायचा.
हाताला कधीचा ठेका सापडला,
खट्, आणि परत.
बायको म्हणाली, माग विकलास तरी आवाज ठेवलास.
जांभळं गेलं असतं त्या दिवशी. हे मिटलं नुसतं,
गोगलगायीसारखं, आणि वाट बघत राहिलं.

पाचव्या आठवड्यात त्याला वर नेलं,
त्या हातभर जागेत.
आठ दिवस मी त्या खोलीत फक्त मीठ मोजायला गेलो.

आज साडेअकराला स्टूल घेऊन बसलो.
म्हशीचा कान उघडलेला होता,
कडेनं बारीक बोटं, पिवळसर, हलणारी,
जणू कुणी दशा मोकळ्या सोडल्यात.
मी डोळे बारीक करून बघितलं,
आधी उन्हाची बाजू, मग खडकाच्या आडची.
परत एकदा, चष्मा पुसून.

सारख्या.

खिशात हात गेला.
रंगाऱ्याचे पैसे कुणाला द्यायचे
ते मात्र आठवेना.